मानद डॉक्टरेट मिळाली तर नावापुढे ‘डॉ.’ लावता येतं का?

तुमच्या तालुक्यातल्या नेत्यांच्या फ्लेक्सवर रातोरात ‘डॉ.’ आलं आणि चौकशी केल्यावर ‘मानद’ आहे असं कळलं, म्हणून तुम्ही विचारताय.

रिवाज म्हणाल तर लावत नाहीत. मानद पदवी हा विद्यापीठाने केलेला सत्कार. प्रबंध नाही, तोंडी परीक्षा नाही आणि प्राध्यापकाच्या नोकरीसाठी ती पात्रताही ठरत नाही.

पण भांडारकरांचं काय करायचं? रा. गो. भांडारकरांना जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठाने १८८५ साली पीएच.डी. दिली, ती मानदच. तरी ‘डॉ. भांडारकर’ म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही, कारण युरोपातले संस्कृत पंडितही त्यांचं लिखाण वाचत होते. बाबासाहेबांचं ‘डॉ.’ मात्र रीतसर कमावलेलं: लंडनची डी.एस्सी. १९२३ ची, कोलंबियाची पीएच.डी. १९२७ ची. कोलंबियाची मानद एलएल.डी. आली १९५२ मध्ये, उस्मानियाची डी.लिट. त्यानंतरच्या वर्षी. या दोन्ही आल्या नसत्या तरी ते डॉक्टरच होते.

मला सगळ्यात आवडतो तो राहुल द्रविड. २०१७ मध्ये बंगळूर विद्यापीठाने देऊ केलेली मानद डॉक्टरेट त्याने नम्रपणे नाकारली. क्रीडाक्षेत्रात संशोधन करून पदवी मिळवायला आवडेल, असं कळवलं.

आता फ्लेक्सवाल्या डॉक्टरांकडे येऊ. बायोडेटा पाठवा, ‘प्रोसेसिंग फी’ भरा, डॉक्टरेट घ्या, असे मेसेज मलाही येतात. हॉटेलातला हॉल, भाड्याचे झगे, चौकोनी टोप्या, एखादे मावळलेले नट प्रमुख पाहुणे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, १९५६ च्या कायद्यातलं कलम २२ सांगतं की पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तो दिलेल्या संस्थांनाच आहे. मोडल्यास कलम २४ प्रमाणे दंड, जास्तीत जास्त १,००० रुपये! एवढ्यात फ्लेक्ससुद्धा धड होत नाही, मग धंदा बंद कसा होणार?

तेव्हा साहेबांना पदवी कुठली हे विचारण्याऐवजी दिली कुणी ते विचारा. संस्थेचं नाव यूजीसीच्या संकेतस्थळावर शोधा. मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी तिथे आहे, बोगस विद्यापीठांचीही आहे. संस्था परदेशी असेल तर तिला तिच्याच देशात मान्यता आहे का ते बघा. फ्लेक्सवर मात्र ते नाव शोधू नका, तिथे ते बहुधा छापत नाहीत.