सगळे हॉर्सहेअर वर्म सारखेच दिसतात, मग नवी प्रजाती ओळखतात कशी?

तुमचा प्रश्न असा आहे: हॉर्सहेअर वर्मची, म्हणजे किड्यांच्या पोटात वाढणाऱ्या दोऱ्यासारख्या परजीवी कृमीची, नवी प्रजाती सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, पण फोटोत दर वेळी तोच तपकिरी दोरा दिसतो. मग तो नवा आहे हे ठरतं कशावरून, सूक्ष्मदर्शकाखाली नेमकं काय बघतात, आणि तुम्हाला सापडलेला नमुना ठेवायचा कसा? असे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी तयार करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

नुसत्या डोळ्यांना जे दिसतं, त्यातलं फारसं काही कामाचं नसतं. लांबी साधारण दहा ते तीस सेंटिमीटर, कधी त्याहून जास्त. जाडी एक-दोन मिलिमीटर. पण एकाच प्रजातीचे दोन कृमी वेगवेगळ्या आकारमानाच्या किड्यांत वाढले तर त्यांच्या लांबीत चांगलाच फरक पडतो. रंगावर तर अजिबात भरवसा ठेवू नये. रातकिड्याच्या किंवा प्रार्थनाकीटकाच्या पोटातून नुकताच बाहेर आलेला कृमी पांढुरका असतो आणि नंतर गडद होत जातो. डोक्याचं पांढरं टोक आणि त्यामागची गडद पट्टी एवढी खूण मात्र मी नोंदवून ठेवते, कारण ती बऱ्याच प्रजातींत ठळक असते.

शरीराचा आडवा छेद घेतला तर आतही फारशी विविधता नसते. बाहेर जाड क्यूटिकल, म्हणजे कवचासारखी बाह्यत्वचा, त्याखाली पेशींचा एकच थर, त्याखाली फक्त उभे स्नायू. गांडुळात असतात तसे गोलाकार स्नायू इथे नाहीत, म्हणून हा कृमी आकसून-फुगून सरकत नाही, नुसता वळवळतो आणि वेटोळी घालतो. आतड्याची बारीक नळी उरलेली असते, पण प्रौढ कृमी काही खात नाही. तोंडाचं छिद्र बऱ्याचदा बंदच असतं. खालच्या बाजूने एक मज्जारज्जू जातो. बाकीची जागा जननेंद्रियांनी व्यापलेली. रक्ताभिसरण नाही, उत्सर्जनाचे अवयव नाहीत. शरीरात कुठेही रोमक म्हणजे पेशींवरची हलणारी लव नाही. शुक्राणूंनाही शेपटी नसते. 2023 साली या संघातल्या, म्हणजे हॉर्सहेअर वर्मच्या अख्ख्या गटातल्या, दोन प्रजातींचा, एक गोड्या पाण्यातली आणि एक समुद्रातली, संपूर्ण जीनोम वाचून झाला, तेव्हा दिसलं की बहुतेक सगळ्या प्राण्यांत असणाऱ्या जनुकांपैकी सुमारे तीस टक्के जनुकं यांच्यात नाहीतच, आणि हरवलेल्यांत रोमक तयार करणारी जनुकं बरीच आहेत. सूक्ष्मदर्शकातून जे नाही असं दिसत होतं, ते जनुकांतही नाही. मला हा निष्कर्ष फार समाधान देणारा वाटतो.

म्हणजे आतून सगळे जवळपास एकसारखे. वेगळेपण असतं ते क्यूटिकलच्या पृष्ठभागावर आणि शेपटीच्या टोकाला. नव्या प्रजातीचं वर्णन वाचताना मी आधी या दोन गोष्टींच्या चित्रांकडे जाते.

क्यूटिकलचा आतला भाग जाड तंतूंच्या अनेक थरांचा असतो. एका थरातले तंतू एकमेकांना समांतर, आणि पुढच्या थरातले त्यांना तिरके छेदणारे, प्लायवूडसारखे. म्हणूनच हा कृमी चिमट्याला तारेसारखा ताठ लागतो आणि सहज तुटत नाही. या तंतुमय थराच्या वर एक पातळ बाह्य थर असतो आणि बऱ्याच प्रजातींत त्यावर सूक्ष्म उंचवटे उठलेले असतात. त्यांना एरिओल म्हणतात. एकेक एरिओल काही मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. साध्या सूक्ष्मदर्शकात ते दाणेदार जाळीसारखे दिसतात, पण त्यांचे प्रकार वेगळे करायचे तर स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही.

या बाबतीत सगळ्यात श्रीमंत प्रजाती कॉर्डोडीस या वंशातल्या, ज्या मुख्यतः प्रार्थनाकीटकांत वाढतात. त्यांच्या त्वचेवर सहा प्रकारचे एरिओल वर्णिलेले आहेत. बहुतेक पृष्ठभाग साध्या एरिओलांनी भरलेला असतो. त्यांच्यात थोडे जास्त फुगीर आणि उंच असे काही असतात. मधूनच काटेरी एरिओल, ज्याच्या माथ्यावर एकच टोकदार काटा. काहींच्या माथ्यावर खळगा असतो आणि त्यातून आखूड गाठीसारखा उंचवटा वर येतो. आणि मग मुकुटधारी एरिओल! हे बहुधा जोडीने उभे असतात, दोघांच्या माथ्यावर बारीक तंतूंचा झुपका, आणि त्या जोडीला घेरून उभे असलेले वेगळ्या आकाराचे एरिओल, हा सहावा प्रकार. पोटाच्या आणि पाठीच्या मध्यरेषेवरच्या मुकुटांचे तंतू बाजूच्या मुकुटांपेक्षा कितीतरी लांब असू शकतात. काही प्रजातींत नर आणि मादी यांच्या तंतूंच्या लांबीतही फरक असतो. दोन प्रजाती वेगळ्या ठरतात त्या काट्यांचा आकार, मुकुटांभोवतीच्या कड्याची रचना, तंतूंची लांबी आणि एरिओलांच्या मधल्या खाचांमध्ये केसर (राठ केसांसारखे बारीक तंतू) आहेत की नाहीत, अशा तपशिलांवर.

गॉर्डियस वंशात याच्या अगदी उलट. तिथे त्वचा बऱ्याचदा गुळगुळीत, एरिओल पुसट किंवा नाहीतच. खालच्या तंतूंच्या तिरक्या रेषा तेवढ्या जाणवतात. अशा वेळी सगळी भिस्त नराच्या शेपटीवर. ती दोन पाळ्यांत विभागलेली असते, पाळ्या फुटतात त्याच्या जरा पुढे पोटाकडून अवस्कराचं, म्हणजे आतडं आणि जननेंद्रियं यांच्या सामायिक मार्गाचं छिद्र, आणि त्या छिद्रामागे त्वचेची अर्धचंद्राकृती घडी. ही चंद्रकोर दिसली की वंश गॉर्डियस किंवा त्याचा अगदी जवळचा. मग चंद्रकोरीची टोकं पाळ्यांवर उतरतात का, तिची वळणरेषा कशी आहे, आसपास केसर कुठून कुठवर आहेत, हे बघायचं. पॅरागॉर्डियसमध्ये ओळख मादीच सोपी करते, तिच्या शेपटीला तीन पाळ्या असतात. गॉर्डिओनस नरांत अवस्कराभोवती काटे आणि त्याच्या पुढे दोन्ही बाजूंना केसरांच्या रांगा असतात. कॉर्डोडीसच्या नराला पाळ्याच नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग एक फोटो काढला की झालं. तसं होत नाही. शरीराच्या मधला तुकडा, डोक्याचं टोक आणि शेपूट हे तिन्ही स्वतंत्रपणे बघावे लागतात, कारण त्वचेची ठेवण जागेनुसार बदलते. तुकडे अल्कोहोलच्या चढत्या तीव्रतेतून नेऊन पाणी काढायचं, मग कार्बन डायऑक्साइड वापरून क्रिटिकल पॉइंट ड्रायिंग, म्हणजे आकार न बिघडवता वाळवणं, नंतर सोन्याचा पातळ मुलामा. हवेत तसंच वाळवलं तर एरिओल चपटे होतात, झुपक्यांचे तंतू एकमेकांना चिकटतात, आणि खरं तर लांब असलेला मुकुट आखूड दिसायला लागतो. त्याहून मोठी डोकेदुखी मळाची. हे कृमी गाळात आणि ओल्या मातीत वावरतात, अंगावर चिकट थर असतो, त्यात मातीचे कण आणि जिवाणू बसलेले. एरिओलांच्या मधल्या खाचा त्यानेच भरून गेल्या तर केसर आहेत की नाहीत हे सांगता येत नाही. म्हणून एखाद्या वर्णनात ‘केसर नाहीत’ असं लिहिलं असेल, तर चित्रात ती जागा स्वच्छ दिसते का, हे मी आधी तपासते.

अलीकडच्या वर्णनांपैकी मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे तैवानमधल्या गॉर्डियस चियाशानसचं, 2020 सालचं. याचा यजमान, म्हणजे ज्याच्या शरीरात तो वाढतो तो प्राणी, मिलिपीड, म्हणजे आपण ज्याला वाणी म्हणतो त्यातली एक मोठी जात. प्रौढ कृमी हिवाळ्यात डोंगरातल्या जंगलाच्या ओल्या मातीवर बाहेर येतात. नराच्या शेपटीच्या पाळ्यांवर केसर दाटलेले असतात, आणि एवढंच पाहिलं तर तो गॉर्डियस हेल्वेटिकस या युरोपातल्या प्रजातीसारखा वाटतो. वेगळेपण सापडलं शरीराच्या मधल्या भागावरच्या जाड केसरांत. म्हणजे नुसती शेपूट बघून थांबणाऱ्याला ही प्रजाती निसटली असती. शिवाय या अभ्यासात अंड्यांच्या माळा, अंडी, अळ्या आणि डीएनए हे सगळंच एकत्र दिलंय.

जवळपास त्याच काळात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा, टेक्सस आणि लुइझियानामधून गॉर्डियस टेरेस्ट्रिसचं वर्णन आलं. हाही पाण्याऐवजी ओलसर जमिनीवर राहणारा, आणि अंडीही मातीतच घालणारा. इथे लक्षात राहतं ते अंडं: बाहेर जाड कवच, आत पातळ आवरण, आणि दोहोंमध्ये मोकळी जागा. मातीत घातलेल्या अंड्याला असं संरक्षण उपयोगी पडत असणार असं मला वाटतं. प्रौढांच्या त्वचेवरून या वेगळ्या आयुष्याचा अंदाज कधीच आला नसता.

अळीबद्दल थोडं. ती मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी असते आणि दिसायला प्रौढाशी तिचा काही संबंध वाटत नाही. शरीर एका पडद्याने दोन भागांत विभागलेलं. पुढच्या भागात आत-बाहेर होणारी सोंड, सोंडेत तीन सुया, आणि भोवती आकड्यांची तीन कडी: बाहेरच्या कड्यात सात, आतल्या दोन कड्यांत सहा-सहा. ही हत्यारं यजमानाच्या शरीरात शिरण्यासाठी. पुढच्या आणि मागच्या भागाच्या लांबीचं प्रमाण, कोषात गेल्यावर अळी दुमडते का आणि कशी, अंड्यांच्या माळा काडीला चिकटवलेल्या की पाण्यात मोकळ्या, यावरून वंश बऱ्यापैकी कळतो. प्रजाती मात्र सहसा कळत नाही.

नर हवाच, असा या क्षेत्रात जवळजवळ नियम होता. 2012 साली केनियातल्या पॅरागॉर्डियस ओबामाई या प्रजातीने तो मोडला. तिच्यात नर सापडलेच नाहीत. प्रयोगशाळेत एकट्या वाढवलेल्या माद्यांनीही अंडी घातली आणि त्यातून पुढची पिढी वाढली. या संपूर्ण संघात अनिषेकजनन दिसण्याची ती पहिलीच वेळ. तिथे नराची चंद्रकोर किंवा काटे यांचा प्रश्नच नव्हता, माद्यांची त्वचा, अळ्या आणि डीएनए यांवरच वर्णन उभं राहिलं.

आता माझं स्पष्ट मत. आजवर सुमारे साडेतीनशे प्रजातींना नावं मिळाली आहेत, आणि प्रत्यक्षात दोन हजारांच्या आसपास असाव्यात असा अंदाज मांडला जातो. पण त्या साडेतीनशेतली बरीच जुनी वर्णनं एखाद-दुसऱ्या, कधी अर्धवट कुजलेल्या नमुन्यावर आणि साध्या सूक्ष्मदर्शकावर आधारलेली आहेत. दुसरीकडे, उत्तर अमेरिकेत गॉर्डियस रोबस्टस या एकाच नावाखाली मोडणाऱ्या कृमींचा डीएनए तपासला तेव्हा त्यात निदान आठ वेगळ्या वंशरेषा निघाल्या. त्वचा एकसारखी, पण आतून आठ निराळे. त्यामुळे एकाच मादीवर, एकाच जागच्या त्वचेचे फोटो देऊन आणि डीएनए न देता कोणी नवी प्रजाती जाहीर केली, तर ती मी स्वीकारायला तयार नसते, मग फोटो कितीही देखणे असोत. आणि केवळ डीएनएतल्या फरकावर नाव देऊन त्वचेचं वर्णन दोन ओळींत उरकणंही मला तितकंच अपुरं वाटतं, कारण संग्रहालयातल्या शंभर वर्षांच्या नमुन्यांशी तुलना करायला शेवटी त्वचाच हाताशी असते.

तुमच्या नमुन्याचं म्हणाल, तर तो माणसाला अपाय करत नाही, त्यामुळे हाताळायला घाबरू नका. आधी स्वच्छ पाण्यात मऊ कुंचल्याने हलकेच धुवा, पण घासू नका. मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये सरळ राहील अशा उंच बाटलीत ठेवा. वेटोळं होऊन आखडला तर शेपूट नीट बघता येत नाही. मधला एक छोटा तुकडा वेगळा कापून जवळपास शुद्ध अल्कोहोलमध्ये, शक्यतो फ्रीजरमध्ये ठेवा, तो डीएनएसाठी. फॉर्मालिन वापरू नका, त्याने डीएनए खराब होतो. जागा, तारीख आणि ज्या किड्यातून बाहेर पडला तो किडा, हे पेन्सिलने कागदावर लिहून बाटलीच्या आत टाका, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. किडा हाती लागला असेल तर तोही वेगळ्या बाटलीत जपा. आणि एकाहून जास्त कृमी मिळाले असतील तर सगळे द्या, विशेषतः ज्यांची शेपूट दुभंगलेली दिसते ते.