सायबर गुन्हे आणि ऑनलाइन छळ यावर पीएच.डी. करायची आहे, पण मी कोकणात राहतो आणि मला कोडिंग येत नाही. विषय कोणता घेऊ? मुंबई-पुण्याला गेल्याशिवाय जमेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. जमेल. मुंबईत बसून जे जमणार नाही, ते इथे जमेल. कोडिंगचं म्हणाल तर समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा कायदा या अंगाने जाणाऱ्याला ते लागत नाही. पहिल्या प्रश्नाला मात्र जरा वळसा घालून येते, कारण तो वाचून माझं जुनं दुखणं उठलं.

मे २०२२. देवगड तालुक्यात आमची शंभर-सव्वाशे हापूसची कलमं आहेत. वाशीला माल पाठवायचा आणि दलालाच्या पट्टीची वाट बघत बसायचं, यात अण्णांचा (माझ्या वडिलांचा) जन्म गेला. थेट गिऱ्हाईक शोधूया, हे खूळ माझं. फेसबुकवर पेज मीच काढलं, फोटो मीच टाकले, आणि मी नोकरीच्या गावी असते म्हणून संपर्काला नंबर अण्णांचा दिला.

फोन आला तो हिंदीत, अगदी अदबीने. मिलिटरीतून बोलतोय, मेससाठी २० पेट्या हव्यात, गाडी आमचीच येईल. वर्दीतला फोटो आणि ओळखपत्र व्हॉट्सॲपवर आलं. माझा मामा मिलिटरीत होता, त्यामुळे ‘आर्मी’ म्हटलं की आमच्या घरात दार अर्धं उघडलेलंच असतं. भाव ठरला २,४०० रुपये पेटी. मग तो म्हणाला, आमच्या खात्यातून पैसे थेट जात नाहीत, आधी पडताळणी लागते. हा कोड स्कॅन करून ५ रुपये टाका, १० परत येतील. अण्णांनी टाकले. १० आले! पुढचा कोड २४,००० चा. अण्णांनी पिन घातला आणि यायचे ते पैसे गेले. ‘अंकलजी, सर्व्हर में गड़बड़ है, एक बार और कीजिए, दोनों साथ में वापस आएँगे.’ अण्णांनी आणखी एकदा केलं. २० पेट्या विकून जेवढे आले असते, बरोबर तेवढे, ४८,००० रुपये गेले.

यातलं काहीच मला नऊ दिवस माहीत नव्हतं. आईलाही नाही. पेट्या भरून पडवीत रचलेल्या. ‘गाडी येतली’ एवढंच अण्णा सांगत राहिले. नवव्या दिवशी शनिवार म्हणून मी घरी गेले तर खळ्यातच पिकून उतरलेल्या आंब्याचा वास, पेट्यांवर चिलटं. हापूस भरलेल्या पेटीत किती दिवस राहतो हे ज्या माणसाला झोपेतही कळतं, त्याने २० पेट्या डोळ्यांदेखत सडू दिल्या. मी त्यांचा फोन हातात घेतला आणि मेसेज वाचले.

‘अण्णा, मला का नाही सांगितलंत?’

‘तुका कसा सांगतलंय? तू ह्याच विषयात शिकतस ना.’

मी तेव्हा सायबर गुन्ह्यांवरच्या पीएच.डी.च्या चौथ्या वर्षात होते.

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. तक्रार घेतली, नंबर मिळाला. पण ही यंत्रणा चालते ती तासांच्या हिशेबाने. २०२१ मध्ये ती सुरू झाली (तेव्हा नंबर १५५२६० होता), तिचा गाभा एवढाच की तक्रार येताच पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवायचं आणि पुढे सरकायच्या आत रक्कम गोठवायची. भाड्याने घेतलेल्या खात्यांच्या साखळीतून पैसे भराभर फिरतात आणि कुठल्यातरी एटीएममधून बाहेर पडतात. नऊ दिवसांनी काय गोठवणार? म्हणजे ४८,००० चोराने घेतले हे खरं, पण ते कायमचे गेले त्या नऊ दिवसांच्या लाजेमुळे. तुमचा विषय मला विचाराल तर हा आहे. फसलेला माणूस गप्प का बसतो, किती वेळ बसतो, आणि त्याला कोण गप्प बसवतं.

आता ‘कोण बसवतं’ याकडे येते. दहाव्या दिवशी पोलीस स्टेशनच्या बाकावर आम्ही दोघं बसलो आणि संध्याकाळपर्यंत वाडीत बातमी. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर १४० माणसं, निम्मी चाकरमानी. माझा एक चुलतभाऊ मुंबईत आयटीत आहे (आयटीत म्हणजे नक्की काय करतो हे त्याने आजवर सांगितलेलं नाही). त्याने लिहिलं, ‘घरात सायबरची डॉक्टर आणि रोगी अण्णाच.’ त्यावर हसून डोळ्यांतून पाणी येणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मग आंब्याला सलाम ठोकणाऱ्या सैनिकाचा स्टिकर कोणीतरी बनवला. मग ‘हाव सुटली की असंच होतं.’ अण्णांनी ग्रुप सोडला नाही. सोडला तर सगळ्यांना दिसतं ना.

विद्यापीठात सायबर गुन्हा एका कप्प्यात असतो आणि ऑनलाइन छळ दुसऱ्या. आमच्या पडवीत ती एकच घटना होती. पहिल्याने पैसे नेले, दुसऱ्याने पुढच्या माणसाचं तोंड बंद केलं. वाडीतल्या दुसऱ्या कुणाचे पैसे उद्या गेले तर तो १९३० लावेल, की तो स्टिकर आठवून गप्प बसेल?

ऑनलाइन माणसं मोकाट का सुटतात यावर जॉन सुलर यांचा २००४ चा लेख तुम्ही वाचालच, सगळेच त्यापासून सुरुवात करतात. त्यांनी सहा कारणं दिली, त्यातलं पहिलं निनावीपणा. आमच्या ग्रुपवर निनावी कोण होतं? सगळ्यांची नावं, आडनावं एकच, कोणाचं घर कुठल्या माडाखाली तेही माहीत. पण त्याच यादीत आणखी एक कारण आहे, अधिकाराचा धाक उरत नाही हे, आणि ते मात्र नेमकं बसलं. आमच्या खळ्यात उभा राहून हा भाऊ अण्णांसमोर मान वर करून बोलला नसता. चतुर्थीला आला तेव्हा वाकून नमस्कार केला आणि पाच मोदक खाल्ले. एका जागेतून दुसऱ्या जागेत (प्रत्यक्षातून ऑनलाइन) गेल्यावर माणसाची वागणूक बदलते, यावर के. जयशंकर या आपल्या तमिळ संशोधकाने २००८ च्या सुमारास अख्खा सिद्धांत मांडलाय. पाश्चात्त्यांच्या आधी तो वाचा. शाळेतल्या दादागिरीवर काम केलेल्या डॅन ओल्वेउस यांची व्याख्याही पारखून घ्या. हेतू, पुनरावृत्ती आणि ताकदीतली तफावत या तीन गोष्टी असल्या तर तो छळ, असं ते म्हणतात. स्टिकर एकदाच टाकला, १४० जणांनी पाहिला, पुढे चार ग्रुपवर गेला. ही पुनरावृत्ती धरायची की नाही? यावर अभ्यासकांमध्ये अजून वाद आहे, आणि खेड्यातल्या ग्रुपवरून त्यात बोलण्यासारखं खूप आहे.

आणि ‘हाव’ हा शब्द. अण्णा लॉटरी लावत नव्हते, आंबे विकत होते. पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं. फसलेल्याला मूर्ख किंवा हावरट म्हणायची खोड जगभर आहे. ऑस्ट्रेलियातल्या कॅसँड्रा क्रॉस यांनी फसवल्या गेलेल्यांशी बोलून हे दाखवलंय की लोक हसतील ही भीतीच त्यांना तक्रारीपासून लांब ठेवते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये एक मजेदार प्रश्न विचारला. नायजेरियाच्या नावाने पत्रं पाठवणारे ठक इतकी तकलादू गोष्ट का सांगतात? त्यांचं उत्तर असं की ती चाळणी आहे. शंका घेणारे आपोआप गळतात, ठकाचा वेळ वाचतो, उरतात ते शेवटपर्यंत येणारे. ‘५ टाका, १० घ्या’ ही मला तशीच चाळणी वाटते. त्या दिवशी अण्णा चाळणीवर राहिले, दुसऱ्या दिवशी आमचा आयटीवाला राहील. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. पटलेलं नाही.

आता गाईड. माझ्या मूळ आराखड्यात ‘३०० विद्यार्थ्यांमधील सायबर जागरूकता’ असलं काहीतरी होतं. त्या मे महिन्यानंतर मी सरांकडे गेले आणि म्हटलं, मला आंबा बागायतदार आणि मच्छीमारीतली फसलेली माणसं शोधून त्यांच्याशी बोलायचंय. सर म्हणाले, ‘मॅडम, आंब्यावर प्रबंध दापोलीला करतात.’ (तिथे कृषी विद्यापीठ आहे.) खोलीतले बाकीचे हसले. पुढे म्हणाले, पंधरा-वीस माणसांच्या मुलाखती म्हणजे कथा झाली, संशोधन नव्हे, आकडे आणा.

आकड्यांचं एक ऐका. फ्लोरेन्शियो आणि हर्ली यांनी २०११ मध्ये सायबर गुन्ह्यांच्या पाहण्यांची पिसं काढली. १,००० जणांच्या पाहणीत एकाच माणसाने ‘माझे ५०,००० डॉलर गेले’ म्हटलं की २० कोटी प्रौढांच्या देशाचं नुकसान थेट १० अब्ज डॉलर होतं. एका माणसाच्या तोंडच्या शब्दावर! आपल्याकडे सरकारी आकडा एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा. २०२१ मध्ये ५२,९७४ सायबर गुन्हे, २०२२ मध्ये ६५,८९३. हे नोंदवलेले गुन्हे, तक्रारी नव्हेत. अण्णांची तक्रार झाली, एफआयआर झालाच नाही, म्हणजे त्या ६५,८९३ मध्ये अण्णा नाहीत. तरी मी सरांचं ऐकून प्रश्नावली केली. चाचणीसाठी पहिला फॉर्म घरीच अण्णांना दिला. ‘आपली कधी ऑनलाइन फसवणूक झाली आहे का?’ अण्णांनी पेन घेतलं आणि ‘नाही’ वर खूण केली. माझ्यासमोर. तो कागद मी सरांच्या टेबलावर ठेवला होता. त्यांनी विचारलं, ‘हा वैध धरायचा का?’

म्हणून विषयाआधी गाईड बघा. त्यांचे छापलेले लेख राहू देत, ते एसटीने कधी एखाद्या गावात जाऊन कोणाच्या ओटीवर बसलेत का, हे विचारा. बसलेले नसतील तर ते तुम्हाला गुगल फॉर्मच देतील. मग कॉलेजची पोरं तो एकमेकांच्या नावाने भरतील आणि ‘जागरूकता मध्यम स्वरूपाची आढळली’ हा निष्कर्ष निघेल. तो आताच लिहून ठेवा, तीन वर्षं वाचतील.

कोकणात राहून हे काम करताना दोन गोष्टी कोणी सांगणार नाही. एक, फोनवरून मुलाखत मागू नका. ज्याचे पैसे गेलेत त्याला ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्या दुसऱ्या ठकाचा फोन येऊन गेलेला असतो. ‘मी संशोधक बोलतेय, तुमच्या फसवणुकीबद्दल विचारायचंय’ हे वाक्य हुबेहूब तसंच वाटतं. मला सुरुवातीला सगळ्यांनी फोन आपटले, आणि बरोबर केलं. गावातला ओळखीचा माणूस घेऊन प्रत्यक्ष जा, चहा घ्या, पावसाबद्दल बोला, दुसऱ्या खेपेला विषय काढा. दोन, नाव बदललं की ओळख लपते हे पुस्तकी आहे. ‘राजापूर तालुका, वय ५४, बागायतदार, मुलगा मर्चंट नेव्हीत’ एवढं लिहिलंत तर एसटी स्टँडवरचा पेपरवालासुद्धा घर दाखवेल. तालुका उडवा, धंदा ढोबळ करा, गरज पडली तर दोन माणसांची एक करा आणि तसं केल्याचं प्रबंधात लिहा.

छळाच्या बाजूने जाणार असाल तर कायदा ताजा ठेवा. पालघर आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. २०१२ मध्ये तिथे एका फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली. त्या गदारोळातून माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ (ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला शिक्षा देणारं) सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ मार्च २०१५ ला रद्द झालं. तरी ते वापरू नका हे न्यायालयाला २०२२ मध्ये पुन्हा बजावावं लागलं, आणि त्यानंतरच्या प्रबंधांतही मी ते लागू असल्यासारखं वाचलंय. फसवणुकीला त्याच कायद्यातली ६६क (दुसऱ्याची ओळख चोरणं) आणि ६६ड (भलताच कोणी असल्याचं भासवून ठकवणं) आहेत, आणि जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली.

हे आधीच सांगायला हवं होतं, माझ्या नावापुढे डॉ. नाही. नोंदणी २०१८ ची, मुदत संपली २०२४ ला, प्रबंध झाला नाही. त्यामुळे माझा सल्ला ऐकणाऱ्याची पीएच.डी. होतेच असं नाही. सरांचे इतर विद्यार्थी वेळेत बाहेर पडले आणि आज माझ्यापेक्षा जास्त पगार घेतात. तुम्हाला पदवी नोकरीसाठी हवी असेल तर ३०० फॉर्म भरा, मी हसणार नाही. सगळ्या प्रश्नावल्या वाईट असंही नाही, लाजेचा प्रश्न नसेल तिथे त्या चालतात. आणि तुमच्या वाडीतला ग्रुप आमच्यासारखा नसेलही.

माझ्याकडे १४ मुलाखतींच्या वह्या आहेत. त्यात एक रापणीवरचे तांडेल आहेत, एक अंगणवाडी ताई आहेत जिने नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. अडलं तर कमेंटमध्ये विचारा. प्रश्न कसे विचारले, कुठे चुकले, सगळं सांगेन. वह्या मात्र मागू नका. त्या माणसांनी ते मला सांगितलंय, तुम्हाला नाही.