लांब हाताची दीर्घिका आणि तिचे सोयरे

प्रश्न : गुरुजी, तुरीच्या जागलीला जातो तेव्हा मचाणाखाली दुर्बीण मांडतो. मेष राशीतल्या एनजीसी ७७२ या सर्पिल दीर्घिकेचे एकेक मिनिटाचे ९० फोटो काढून एकत्र केले. तिचा एक हात लांब ओढल्यासारखा दिसतो. भोवती पाच-सहा पुसट ठिपके आहेत. ते सगळे तिचे सोबती का?
– एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, फोटो मोबाईलवर पाहिला, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिला. तो हात खरा आहे. दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारा ट्रॅकर घसरला असता तर तारेही त्याच दिशेला लांबट आले असते; तुमचे तारे कसे गोल आहेत!

ठिपक्यांचं मात्र लगेच खरं धरू नका. रात्री धुऱ्यावरून दोन दिवे शेजारी दिसतात. एक पलीकडच्या वावरातला असतो, दुसरा तीन कोसांवरच्या गावचा. फोटोला अंतर कळत नाही. ते वर्णपटावरून, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून, काढावं लागतं. दीर्घिका जितक्या वेगानं दूर जाते, तितक्या तिच्या प्रकाशातल्या रेषा तांबड्याकडे सरकतात; आणि साधारणपणे दीर्घिका जितकी लांब, तितका तिचा वेग जास्त. ७७२ चा वेग सेकंदाला सुमारे २,५०० किलोमीटर. तिच्याजवळचा तो लहान, ठसठशीत गोळा म्हणजे एनजीसी ७७०, आणि त्याचाही वेग जवळपास तेवढाच. तो सख्खा सोयरा. खगोलशास्त्रज्ञ हॅल्टन आर्प यांच्या १९६६ सालच्या विचित्र दीर्घिकांच्या संग्रहात ३३८ नोंदी आहेत, त्यात ही मंडळी ७८ व्या क्रमांकावर.

सोबत्याचं गुरुत्व दीर्घिकेची जवळची कड जास्त खेचतं, दूरची कमी. त्या फरकानं तारे आणि वायू ओढले जाऊन असे हात लांबतात. टूमरे या शास्त्रज्ञ बंधूंनी १९७२ मध्ये हे संगणकावर करून दाखवलं. (तुमच्या कॅमेऱ्यात आलेला प्रकाश १० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी निघाला. आपली काळी माती ज्या लाव्ह्याची झाली, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे प्रकाश निघाला तेव्हा तुमचं वावरच नव्हतं!)

बाकीच्या ठिपक्यांच्या जागा 'नेड' या इंटरनेटवरच्या दीर्घिकांच्या विनामूल्य यादीत टाकून वेग पाहा. एखाद्याचा वीस हजार निघाला, तर तो पार मागचा, नुसता रांगेत आलेला.

डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री साडेनऊच्या सुमारास ही दीर्घिका तुमच्या अगदी डोक्यावर येते. हवेचा थर तिथं सगळ्यात पातळ, म्हणून फोटो तेव्हाच घ्यावा. पण दुर्बिणीची नळी तिवईच्या पायाला लागत नाही ना, ते आधी उजेडात फिरवून बघा. मी बघितलं नव्हतं. मोटर कुरकुरत राहिली आणि मला वाटलं, रानडुक्कर आलं. ओलित झालेल्या वावरात दव जास्त पडतं, तेव्हा कोरड्या बाजूला मांडा. आणि थ्री फेज लाईन रात्रीची असेल, तर पंप सुरू करायला येणाऱ्या शेजाऱ्याला सांगून ठेवा : बॅटरी पायाखाली धर, बापू, वर नको.