पहिली नोकरी, कोरा रेझ्युमे?

प्रश्न: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, अनुभव शून्य. रेझ्युमेत काय लिहू?
– एक वाचक, लातूर

उत्तर: ताई, पोस्टिंग, म्हणजे शिकताना वॉर्डात केलेलं काम, हाच तुमचा अनुभव. लॉगबुक उघडा आणि वॉर्डनिहाय लिहा: ‘मेडिकल वॉर्ड, 8 आठवडे: आयव्ही कॅन्युला, राइल्स ट्यूब, इनटेक-आउटपुट चार्ट’. नुसतं पाहिलेलं काम ‘केलं’ म्हणून लिहू नका; मेट्रन (मुख्य परिचारिका) मुलाखतीत त्या कामाच्या पायऱ्या विचारतात, तिथेच उमेदवार अडकतात.

नावाखालीच महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि वैधतेची तारीख द्या. क्रमांक आला नसेल तर अर्जाची तारीख लिहा. नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच हवं. लग्नानंतर बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा. एक पान पुरे. जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय नको. रात्रपाळीची तयारी मात्र जरूर लिहा.