बटणपट्टीला झालर का पडते

ताई, साताऱ्याच्या सासूबाईंसाठी विणलेल्या कार्डिगनची बटणपट्टी लाटांसारखी वरखाली होतेय, म्हणून सगळा उसवून डोक्यातून घालायचा स्वेटर करू का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. मी साताऱ्यातच राहते. डिसेंबरात इथे पहाटे अंगणात हुडहुडी भरते आणि अकराच्या उन्हात अंगावरची लोकर नकोशी होते. घालायचा-काढायचा कपडा पुढून उघडाच बरा. माझ्या आईचा खांदा आखडला, हात वर जाईना, तेव्हापासून तिने दुसरं काही घातलंच नाही. आधी दुखऱ्या हाताची बाही, मग पाठीवरून फिरवून दुसरी. कुणाची मदत लागायची नाही.

हा कपडा मुळात लष्करातला. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हाच्या लढाईत घोडदळ घेऊन गेलेल्या अर्ल ऑफ कार्डिगन या इंग्रज सरदाराचं नाव त्याला पडलं.

आता पट्टी. एक ओळ सुलट, एक उलट अशा विणीत टाका रुंद आणि बुटका असतो. कडेच्या प्रत्येक ओळीतून टाका उचलला की पट्टीत टाके जास्त होतात आणि झालर पडते. माझ्या पहिल्या कार्डिगनला हेच झालं होतं, दोन वेळा उसवला तेव्हा कळलं. चार ओळींमागे तीनच टाके उचला, चौथी ओळ सोडा. अंगाला दहा नंबरच्या सुया असतील तर पट्टीला बाराच्या घ्या; आपल्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक. टाके बंद करताना हात आवळू नका, नाहीतर पुढचा भाग वर ओढला जातो.

फक्त पट्टीच उसवा. झालर इस्त्रीने बसवायचा मोह होईल, पण ॲक्रिलिक लोकर गरम इस्त्रीखाली लुळी पडते आणि परत कधी सावरत नाही.

बटणांची बाजू आधी पूर्ण करा. तिथे वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने खुणा करून त्यांच्यासमोर काजं पाडा. बायकांच्या कार्डिगनला काजं घालणारीच्या उजव्या हाताकडच्या पट्टीवर येतात. सुईवर लोकर घ्यायची, पुढचे दोन टाके एकत्र विणायचे, झालं काज. ते बटणाला जरा घट्टच वाटू द्या, वापरून सैल पडतंच.

आणि बटणं लावण्याआधी सासूबाईंना साडी नेसलेली असताना घालून बघा. निऱ्यांचा फुगवटा येतो तिथे शेवटचं बटण येऊ देऊ नका, बसलं की तेच ताणतं.