घराण्यात कुणालाच नाही, मग हे आनुवंशिक कसे?

“आमच्या घरात आजवर कुणीही निपुत्रिक राहिले नाही, मग हा दोष आनुवंशिक कसा?” हा प्रश्न समुपदेशनात वारंवार येतो आणि त्याच्या आड बहुधा दुसरा, उघड न विचारलेला प्रश्न असतो, तो म्हणजे दोष कोणाचा. खानापूर तालुक्यातील एका दांपत्याची हकीकत येथे देत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

नवरा बेळगावात उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कामाला होता आणि बायको त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी होती. सीमाभागात मामाची मुलगी करून घेणे नवलाचे नाही. त्यामुळे सासूला ती लहानपणापासून आत्याच म्हणत आली होती. तिच्या गर्भनलिकांची तपासणी, संप्रेरकांच्या चाचण्या, स्त्रीबीज तयार होण्याची औषधे, सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस, हे सगळे झाल्यावर मग कुठे नवऱ्याची वीर्यतपासणी झाली. हा उलटा क्रम मला दर वेळी अस्वस्थ करतो. मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचा वाटा असतो, आणि दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना देणे यापलीकडे त्या तपासणीत काहीही कष्ट नसतात.

त्याने दोन वेळा नमुना दिला, दोन्हींत एकही शुक्राणू आढळला नाही. वीर्याचे प्रमाण पुरेसे होते आणि शुक्राणूनिर्मितीला चालना देणारे एफएसएच संप्रेरक वाढलेले होते. म्हणजे वाट अडलेली नसून शुक्राणूंची निर्मितीच थांबली असावी, असा डॉक्टरांचा कयास होता. रक्तातील गुणसूत्रांची संख्या नेहमीप्रमाणे 46 भरली, त्यामुळे सुमारे 600 पुरुषांत एकाला आढळणारा, एक एक्स गुणसूत्र जास्त असण्याचा क्लाइनफेल्टर हा प्रकार बाजूला पडला. मात्र वाय गुणसूत्राच्या बारीक तपासणीत शुक्राणू तयार होण्यासाठी लागणारा ‘एझेडएफसी’ नावाचा भाग गळालेला दिसला.

अहवाल घेऊन तिघेही आले, तेव्हा प्रत्येकाच्या मनात कारण आधीच ठरलेले होते. आत्या म्हणाल्या, “माझ्याच भावाची लेक मी हट्टानं करून घेतली, रक्त एकात एक झालं, हे माझंच पाप आहे.” मुलगा भट्टीच्या उष्णतेला दोष देत होता. सून काही बोलली नाही.

आत्यांना मी आधी उत्तर दिले, कारण त्यांचे ओझे सर्वांत जुने होते. सख्ख्या मामे-आतेभावंडांच्या लग्नात अपत्याला जन्मजात व्यंग किंवा आजार असण्याची शक्यता साधारण दोन-तीन टक्क्यांवरून चार ते सहा टक्क्यांपर्यंत जाते, हे खरे आहे, आणि या दोघांनी पुढे मूल होऊ देताना त्याचा स्वतंत्र विचार करायलाच हवा. परंतु वाय गुणसूत्र केवळ बापाकडून मुलाकडे येते. आईच्या माहेरचा, सुनेचा किंवा त्यांच्या नात्याचा त्याच्याशी संबंधच येत नाही. भट्टीच्या उष्णतेने शुक्राणूंची संख्या घटू शकते, पण गुणसूत्राचा ठरावीक भाग त्यामुळे गळत नाही.

मग तो गळतो कसा? पोथी नकलून घेताना एकच चरण दोन ठिकाणी आला, की नकलणाऱ्याची नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर जाते आणि मधल्या ओव्या सुटतात. वाय गुणसूत्राच्या या भागात एकसारखे दिसणारे लांबलचक तुकडे पुन्हापुन्हा येतात, आणि बापाच्या शरीरात शुक्राणू घडताना नेमकी अशीच चूक होते. बापाचे स्वतःचे वाय गुणसूत्र बहुतेक वेळा अखंड असते. म्हणूनच आजोबांना आठ मुले आणि नातवाला एकही नाही, हे शक्य होते. आनुवंशिक म्हणजे जनुकांतले. ते पिढीजात असतेच असे नाही, आणि त्यात कुणाचा अपराध तर नसतोच.

यानंतरचा भाग अधिक कठीण होता. वाय गुणसूत्रावरचाच एझेडएफए किंवा एझेडएफबी हा दुसरा भाग पूर्ण गळाला असता, तर वृषणातून शुक्राणू मिळण्याची आशा जवळपास उरली नसती. एझेडएफसी गळालेल्या पुरुषांत मात्र सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रियेने सुमारे निम्म्या जणांत थोडे शुक्राणू सापडतात आणि ते बीजात टोचून गर्भ तयार करता येतो. पण असा मुलगा झाला, तर तेच वाय गुणसूत्र त्याला जाणार आणि मोठेपणी त्याच्यासमोरही हीच अडचण उभी राहू शकते. “मग मुलगीच होऊ द्या,” असे आत्या चटकन म्हणाल्या. मुलगी निवडून घेण्याचा मार्ग मी त्यांच्यापुढे ठेवू शकत नव्हते, कारण गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या 1994 च्या कायद्यात 2003 साली झालेल्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीलाही बंदी आहे. दात्याचे शुक्राणू, दत्तक, किंवा दोघांनीच राहणे हेही पर्याय मी मांडले, कोणताही कमी लेखला नाही.

तेव्हा सून प्रथमच बोलली: “शस्त्रक्रिया करायची की नाही, ते आम्ही दोघं ठरवू, आत्या.” आत्यांनी मान हलवली आणि धाकट्याचे स्थळ बघताहेत, त्याचे काय, असे विचारले. मोठ्यातला दोष नव्याने उद्भवला असण्याचीच शक्यता जास्त असल्याने धाकट्याला तो असेलच असे नाही. खात्री हवी असेल, तर वडिलांच्या वाय गुणसूत्राची तपासणी करता येईल किंवा त्याने स्वेच्छेने वीर्यतपासणी करून घ्यावी, आणि जे निघेल ते लग्नाआधी मुलीला त्याने स्वतः सांगावे, असे मी सुचवले.