किंमत, मूल्य की मोल?

तुमचा प्रश्न असा की जंगलं, पाणथळ जागा वगैरेंचं पैशात व्हॅल्युएशन करतात त्याला मराठीत 'किंमत काढणं' म्हणायचं की 'मूल्यमापन'. नुसतं मूल्यमापन नको असं मला वाटतं, ते ऐकलं की आधी शाळा-परीक्षा डोळ्यासमोर येते. 'आर्थिक मूल्यांकन' म्हणा, जरा सरकारी वाटतं पण काम भागतं.

खरी गंमत किंमत आणि मूल्य यात आहे. किंमत मूळची अरबी, फारसीतून आपल्याकडे आली. मूल्य संस्कृत, आणि मोल हे त्याचंच प्राकृतात घासून गुळगुळीत झालेलं रूप. आता किंमत म्हणजे गिऱ्हाईक जे मोजतं ते. खारफुटीच्या लाकडाला गिऱ्हाईक आहे, पण तीच खारफुटी लाटांचा जोर मोडते, तिच्या मुळांच्या जाळीत माशांची पिल्लं वाढतात, त्याला गिऱ्हाईक कोण? मग अभ्यासक काय करतात तर ती तोडली तर तेवढंच संरक्षण देणारी भिंत बांधायला किती खर्च येईल ते काढतात आणि तो आकडा लिहितात. म्हणजे किंमत निघाली ती भिंतीची! पिल्लं काही भिंतीत वाढत नाहीत.

१९९७ मध्ये पर्यावरण-अर्थतज्ज्ञ रॉबर्ट कॉस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या परिसंस्थांच्या (जंगलं, पाणथळ जागा, समुद्र वगैरेंच्या) १७ सेवांचा, म्हणजे लाटांचा जोर मोडण्यासारख्या निसर्ग फुकटात करतो त्या कामांचा, पैशातला अंदाज काढला, वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर, आणि तेव्हा अख्ख्या जगाचं उत्पन्न त्यांनी धरलं होतं साधारण १८ लाख कोटी. मग याला किंमत कसं म्हणणार, मोजणार कोण? इथे मूल्यच हवं.

'निसर्ग अमूल्य आहे, आकडे कसले लावता' असंही लोक म्हणतात. भावना कळते, पण धरणाच्या किंवा रस्त्याच्या हिशेबात अमूल्य गोष्टीचा रकाना कोरा राहतो आणि बेरजेत कोरा म्हणजे शून्य. बोलताना अनमोल आणि कवडीमोल अगदी उलटे, वहीत मात्र दोन्ही एकच.

(मोल मला जास्त आवडतो, मोलमजुरीत पैसा आहे आणि मोलाच्या सल्ल्यात नाही, दोन्हीकडे चालतो. पण रिपोर्टात कोणी लिहू देणार नाही.)

'किंमत' तिथेच वापरा जिथे कोणी खरंच पैसे मोजतंय. न्यूयॉर्क शहराने मोठा फिल्टर प्लांट टाळून त्याचं पिण्याचं पाणी जिथून येतं ते कॅट्स्किल डोंगरातलं पाणलोट क्षेत्र राखायला पैसे घातले, तिथे खुशाल किंमत म्हणा.